कारण दाखवून खोडा

माझ्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या आतोबांइतका, सरळ गोष्टीला तर्काच्या घाण्यात घालणारा माणूस अख्ख्या तंजावुरात नसेल. राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, ते शिकवणी घेत. बँकांच्या आणि नव्यानं निघालेल्या संगणक कंपन्यांच्या परीक्षांत तर्काचे प्रश्न येत, चार पर्यायांचे. ‘‘खरं शोधूं नका,’’ आतोबा सांगत, ‘‘खोटं हाकला. घर रिकामं झालं कीं खरं आपणच येऊन बसतं.’’ पण खोडायचं ते कारण दाखवून. ‘आवडत नाही’ हे कारण नव्हे. एका मुलीनं तसं लिहिलं, तर तिला आठवडाभर नुसती कारणंच लिहायला लावली.

घरातही तोच खाक्या. चष्मा हरवला की तो कुठे कुठे नाही हे आधी सिद्ध व्हायचं. सांबार खारट झालं की मीठ कोणी घातलं नाही याची चौकशी, आणि शेवटी उरायचे ते स्वतःच. त्यांनी हौसेनं मोपेड घेतली होती, तिच्यावर मात्र आत्या जन्मात बसली नाही. ती तिरुवैयारूला गाणं शिकवायला जायची ती बसनं, आणि दिवेलागणीला बसनंच परतायची.

एका संध्याकाळी ती बस आलीच नाही. मागून आलेल्या बसमध्येही आत्या नव्हती. मी आणि शिकवणीची पोरं तिण्णैवर बसून राहिलो. आतोबा मोठ्यानं खोडू लागले. ‘‘संप? नाहीं, दुसरी बस आली. शिष्येकडे राहिली? नाहीं, कोपऱ्यावरच्या दुकानांत फोन आला असता. कोणाच्या मोपेडवर? ती बसत नाहीं.’’ पर्यायागणिक त्यांचा आवाज खाली जात होता. तिकडचा रस्ता कालव्याच्या कडेनं जातो, आणि कालव्याला नुकतंच पाणी सोडलं होतं. उरलेला पर्याय सगळ्यांना दिसत होता, पण उच्चारायला कोणी धजेना.

‘‘तेंही खोडा,’’ आतोबा म्हणाले.

‘‘कारण, सार?’’ त्याच मुलीनं सवयीनं विचारलं, आणि विचारल्यावर तिचा चेहरा उतरला.

आतोबांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. ‘‘मला तें नको आहे,’’ ते म्हणाले.

पोरांनी माना वह्यांत घातल्या. गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली तेव्हाही आम्ही मान वर केली नाही. मग दिव्याखाली एक मोपेड थांबली. पुढे आत्याची शिष्या, मागे तिच्या कमरेला घट्ट मिठी मारून, डोळे मिटलेली आत्या. बस वाटेतल्या एका गावात बंद पडली होती, मागची भरलेली बस तिथे थांबली नव्हती आणि गावातला फोनही बंद होता.

आतोबा उठले, पण पायरी उतरले नाहीत. ‘‘माझ्या मोपेडवर कां बसली नाहींस कधीं?’’

‘‘वळण आलं कीं तुम्ही विचार करीत बसतां,’’ आत्या म्हणाली, आणि आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी सांबारात मीठ कोणीच घातलं नाही, आणि आतोबा तक्रार न करता जेवले.

पुढे शिकवणीत कोणी ‘आवडत नाही’ म्हणून पर्याय खोडला, तर आतोबा जरा वेळ रस्त्याकडे बघत आणि पुढचा प्रश्न घेत. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिकवणीही बंद झाली. पण दिवेलागणीला, तिरुवैयारूच्या बसच्या वेळेला, ते अजून तिण्णैवर येऊन बसतात. मी शेजारी बसतो. कारण विचारत नाही.