आधी पाय, मग डोळा

जवळ ये गं मुक्ता, कागदाच्या पलीकडून का होईना, पण कान इकडे दे. कोबेहून सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला इथं, टोकियोजवळच्या उरायासुत पोचशील. पण मावशी आठवते कधी, तर बाईसाहेबांना कॅमेरा घ्यायचा असला की! 'टाइम-लॅप्स करायचंय, कुठला घेऊ? सॉफ्टवेअर कुठलं?' अगं, ते दुकानात विचार. मला विचारशील तर मी मोरिता-सानांचं सांगणार.

त्या मोठ्या भूकंपानंतर इथल्या भरावाच्या जमिनीतून चिखल उसळून वर आला नि नळ कोरडे पडले. आमची इमारत खोल खांबांवर उभी, ती जागची हलली नाही, पण पाण्याचा थेंब नव्हता. तेव्हा समोरच्या दुमजली घरातले हे सत्तरीचे गृहस्थ सायकलवरून पाण्याचा कॅन घेऊन आले. रिकामा कॅन परत करायला मी बेसनाचे लाडू घेऊन गेले, तर स्वारी माडीवर गुडघे टेकून ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीला चिकटपट्टी लावत होती. मी सहज हात पुढे केला, तर चक्क हिंदीत ओरडले, "बहनजी, छूना मत!" तरुणपणी तुमच्याच कोबेत एका सिंधी व्यापाऱ्याच्या पेढीवर होते, तिथली ही हिंदी. मग हसून म्हणाले, "पहले पाँव, बाद में आँख." आधी पाय घट्ट, मग डोळा. हे त्यांचं ब्रीदच होतं. लोक भारी भिंग घेतात आणि तकलादू ट्रायपॉडवर ठेवतात, याचा त्यांना भारी राग.

कॅमेऱ्याची नजर होती खिडकीसमोरच्या कापराच्या झाडावर. वस्ती नवी होती तेव्हा त्यांच्या बायकोनं लावलेलं. ती गेली, झाड राहिलं. पान चुरगाळलं की देवघरातला वास येतो बघ. भूकंपात ते थोडं कललं, आणि वस्तीच्या समितीनं तोडायचं ठरवलं. प्रमुख कोंदो-सान बाई भली होती, आणि तिचंही म्हणणं खरंच. "मोरिता-सान, खालून शाळेची मुलं जातात. उद्या पडलं तर?"

"पडत असेल तर करवत मीच आणतो," मोरिता-सान म्हणाले. "पण पडतंय का, ते आधी बघू. पानगळीपर्यंत थांबा."

बाई थांबली. तेव्हापासून दिवसाउजेडी दर तासाला एक फोटो. वायरला एक छोटा टायमर जोडलेला, तो आपोआप खटका दाबायचा. कॅमेऱ्याचं 'ऑटो' सगळं बंद. का, विचारलं तर म्हणाले, "ऑटोवर ठेवला की ढग आला तरी कॅमेरा मत बदलतो. मग झाड हललं की कॅमेऱ्याचं मन, कळणार कसं?" मागून भूकंपाचे धक्के येतच होते. आम्ही दाराकडे धावायचो, हे कॅमेऱ्याकडे; पाय पट्टीच्या आत आहेत ना, बघायला.

मी अधूनमधून लाडू न्यायची. एकदा बशीतून एक लाडू घरंगळला नि टेबलावरून थेट खाली! "बहनजी, आपका लड्डू भागता है," म्हणून किती हसले. मीही हसले.

पानगळीच्या तोंडावर तुझ्या निरंजनदादानं त्यांच्या माडीवर बसून ते सगळे फोटो संगणकावर घालून जोडले. वसंतापासूनचे महिने मिनिटभरात पळाले. आणि झाड, अगं, हळूहळू डावीकडे झुकत चाललेलं! मोरिता-सानांनी पुन्हा लाव म्हणून खूण केली. आता ते झाडाकडे बघतच नव्हते, चित्रातल्या लांबच्या उंच इमारतींकडे बघत होते. त्यासुद्धा डावीकडे झुकत होत्या. सगळ्या, एकदम.

ते उठले, बशीतला लाडू घेतला, जमिनीवर ठेवला. लाडू गडगडत भिंतीला जाऊन लागला.

"झाड ठीक आहे," ते म्हणाले. "माझं घर खचतंय, कॅमेऱ्यासकट."

निरंजन चटकन म्हणाला, "मोरिता-सान, सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. घराचा कल काढून टाकतो. झाड सरळ उभं दिसेल, घराचं कुणाला कळणारही नाही." त्याला ठाऊक होतं, त्यांची मुलगी ओसाकाहून रोज मागं लागलेली, 'बाबा, ते घर सोडा,' आणि हे रोज सांगायचे, 'माझ्या घराला काही झालेलं नाही.'

मोरिता-सानांनी लाडू उचलला, फुंकला, तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हणाले, "चित्र संगणकानं सरळ केलं, तर झाडही त्यानंच सरळ केलं म्हणतील. आहे तसंच दाखवायचं."

समितीला तसंच दाखवलं. कोंदो-सान बाईनं दोनदा बघितलं, मग उठून त्यांच्यापुढे कमरेत वाकली. झाडाला टेकू द्यायचं ठरलं. घर मात्र पाडावं लागलं.

ओसाकाला निघाले त्या दिवशी कॅमेरा गळ्यात, ट्रायपॉड माझ्या दारात. "डोळा मी नेतो, बहनजी. पाय तुमच्याकडे राहू देत." मला रडू आलं, तर म्हणाले, "रडता काय, झाडावर लक्ष ठेवा!" गेल्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. मी खाली जाऊन झाडाची दोन पानं चुरगाळली नि तशीच उभी राहिले.

तर मुक्ता, कॅमेरा तुला हवा तो घे. ट्रायपॉड घेऊ नकोस, तो माझ्या बाल्कनीत उभा आहे, झाडाकडे तोंड करून. लवकर ये, आणि चार दिवस राहायच्या बेतानं ये. लाडू करून ठेवते. आमच्या घरात ते पळत नाहीत, खाणाऱ्याची वाट बघत बसतात.