नऊ वेळा परत केलेला वाडगा

भांड्यांची पारख करण्यात सिंगापुरात सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे अर्थात माझंच मत. म्हणून तर शेजारच्या कोरियन आजीने स्वतः घडवलेला सेलॅडॉनचा, म्हणजे हिरवट लेपाच्या भाजलेल्या मातीचा, वाडगा मला भेट दिला आणि मी तो परत केला. एकदा नव्हे, चांगला नऊ वेळा.

दोन हजार चौदा साली ते कुटुंब शेजारी राहायला आलं. मुलगा शिपयार्डात इंजिनियर, त्याची बायको आणि आई. माझा नवरा जहाजावर, सहा-सहा महिने गायब. त्यामुळे दार वाजलं की मला बरंच वाटायचं. आजी पहिल्यांदा आली ती रेशमी रुमालात बांधलेला वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरून. आत चार संत्री. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन. दोघी नुसत्या हसत उभ्या राहिलो.

वाडगा हिरवट-राखाडी, मुगाच्या कढणात थोडं दूध पडावं तसा. आतून ढग, ढगांमधून उडणारे पांढरे बगळे, आणि वरच्या चकाकीवर सगळीकडे केसासारख्या चिरा. 'तडे गेलेल्या भांड्यातून कसली देतात बाई संत्री!' मी मनात म्हटलं. पण पुण्यात वाढलेल्या बाईने दुसऱ्याचं भांडं ठेवून घ्यायचं? आणि परत द्यायचं तेही रिकामं? छे! दुसऱ्याच दिवशी बेसनाचे लाडू भरून पोचता केला. केवढे ते संस्कार!

आठवड्याभराने वाडगा पुन्हा दारात, आत तांदळाच्या गोड वड्या. मी चिवडा दिला. मग आंबवलेल्या कोबीची किमची आली, मी शंकरपाळे दिले. 'कोरियन लोकांना आपला फराळ फार आवडतो,' असं मी नवऱ्याला फोनवर ठासून सांगितलं. एकदा तर त्यात कांदेपोहे मायक्रोवेव्हमध्ये गरम केले. हळद चिरांत शिरली आणि एक बगळा कायमचा पिवळा झाला. लिंबाने घासला, चिंचेने घासला, बगळा ढिम्म. शेवटी 'तिला कुठे कळतंय' म्हणत चकल्यांखाली झाकून दिला.

असं दोन वर्षं चाललं. मग एक दिवस लिफ्टपाशी सुनेने मला गाठलं. "आई पुढच्या आठवड्यात कायमच्या गावी चालल्यात. एक विचारू? तुम्हाला तो वाडगा का आवडला नाही?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. आजीचा सगळा जन्म भट्टीवर गेलेला. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे कारागीर करत तसंच ती करायची: ओल्या मातीत बगळा कोरायचा, त्या खाचेत पांढरी माती भरायची, चोच आणि पाय यांच्यासाठी तांबडी, ती भाजल्यावर काळी होते. जास्तीची माती खरवडायची, भाजायचं, लेप द्यायचा, पुन्हा भाजायचं. त्या चिरा म्हणजे लेपाची नजाकत. डोळे अधू होण्याआधीचा तिचा हा शेवटचा वाडगा. तिकडे बगळा म्हणजे दीर्घायुष्य. माझा माणूस समुद्रावर असतो हे कळल्यावर तिने मुद्दाम तोच मला दिला. त्यांच्याकडेही भांडं रिकामं फिरवत नाहीत, म्हणून दर वेळी काहीतरी भरून ती तो मला नव्याने देत होती, आणि मी दर वेळी नव्याने नाकारत होते.

"पिवळा बगळा बघून मात्र खूश झाल्या," सून म्हणाली. "म्हणाल्या, निदान एकदा तरी वापरला."

शेण खाल्लं म्हणतात ते हेच. मला इतकी लाज वाटली की लिफ्ट आली आणि गेली तरी मी तिथेच.

आता सरळ आजीचं दार वाजवायचं आणि 'मला तो वाडगा हवा' म्हणायचं. एवढंच ना? पण मागायला जायचं ते रिकाम्या हातांनी? मी ठरवलं, अनारसे करायचे. साधंसुधं काही नेऊन कसं चालेल! तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, वाळवले, कुटले, गुळात मुरवले. भिंतीपलीकडे सामान बांधल्याचे आवाज येत होते आणि मी खसखस निवडत बसले होते. धन्य आहे माझी!

सातव्या दिवशी अनारसे घेऊन गेले. आजीने ते दोन्ही हातांनी घेतले. मी सुनेकरवी वाडगा मागितला. सुनेचं तोंड उतरलं. तो सकाळीच दिला म्हणाली, कोपऱ्यावरच्या फ्लॅटमधल्या आंटीला. आजीला कळलं मी काय मागतेय ते. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडू आवरेना.

बाहेर आले तर आंटी कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालत होती. वाडगा खाली, त्यात कपड्यांचे चिमटे. माझी नजर तिथेच खिळलेली पाहून ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नाइस, हॉर? ओल्ड लेडी आस्क मी, वॉन्ट ऑर नॉट? आय से वॉन्ट लाह!"