चुकलेल्या मेंढीचं गाणं

"धुळाला पुरतं गाऊ देऊ नगा हां, डाक्टर. त्यानं गानं संपिवलं की मानूस जातंय."

पौडच्या आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर एक म्हातारी माझ्या वडिलांना बजावत होती. आत तिचा नातू तापानं फणफणला होता आणि त्याच्या उशाशी बसून एक उंच धनगर, मांडीवर बोटांनी ठेका धरून, हलक्या आवाजात गात होता. मी दाराआड उभी होते. पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सुटीला आले की मी बहुधा दाराआडच असे. चारचौघांत मराठी बोलायची मला लाज वाटे.

गाण्यात एक मेंढी कळपातून चुकते. लांडग्याला हुलकावणी देत डोंगर उतरते. "पल्याड दिसतुया वाडा, मधी पानी लागलं आडवं..." इथं, मेंढ्यांचा वाडा समोर दिसत असतानाच, धुळा थांबला आणि घोंगडी खांद्यावर टाकून उठला.

"नाना, म्होरं? पोचली का न्हाई?" पोरानं विचारलं.

"उरल्यालं उद्या."

मग रोज तो गाण्यात एखादा नवाच डोंगर घाली आणि पुन्हा त्याच पाण्यापाशी थांबे. तापातलं पोर चिडून उठून बसलं, तेव्हा म्हातारीनं धुळाच्या पायाला हात लावला. त्यानं पाय मागं घेतला.

ही सवय त्यानं पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईतून आणली होती. तिथं जखमींना डोलीतून मागं आणायचं काम त्याच्याकडे होतं. वडिलांशी बोलताना एकदा तो म्हणाला, "गोऱ्यांचा ब्यांड व्हता, डाक्टर. त्यो मानसं म्होरं न्यायला. मागं आनल्याली मानसं धरून ठिवायला माजं गानं." मेंढीचं काय झालं हे ऐकायला जखमी शिपाई सकाळपर्यंत जागे राहत. सखाराम नावाच्या सोबत्यानं मात्र हात धरला, आजच सांग म्हणाला. धुळाला दया आली. त्यानं शेवटची ओळ गायली. सखाराम हसला आणि उजाडायच्या आत गेला.

"मीच वाट मोकळी केली त्येची," धुळा म्हणाला. त्यानंतर ती ओळ त्यानं कुणालाच ऐकवली नाही. मेंढी घरी पोचली का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी पट्ट्या गुंडाळत हे ऐकत असे. माझ्याकडे बघून तो हसे. "बाय, तुजं तोंड बी उरल्यालंच दिसतंय. उद्याच्यासाठी ठिवलंस व्हय?" मी मान खाली घाली.

त्या वर्षी मुळशीच्या धरणाचं पाणी चढू लागलं. त्याच्या वस्तीतली माणसं छपरं उतरवून निघाली. धुळा रोज काठावर जाऊन उभा राही. त्याच्या देवाचा दगड पाण्याखाली गेला, मग बोरीचं झाड शेंड्यापर्यंत बुडालं. एकदा परत येऊन तो ओसरीवर बसला, पण हसला नाही. "गान्यातलं पानी हितं आलं, बाय. मी आनलं का काय?"

चार मेंढ्या पलीकडच्या टेकाडावर अडकल्या, म्हणून तो छातीभर पाण्यातून गेला. त्या आणल्या, आणि त्यांच्याबरोबर छातीत ताप आणला.

दुपारी त्याला आमच्या खाटेवर निजवलं. पायाशी त्याची बायको तानी बसली होती. वडिलांनी नाडी पाहिली, त्याचा हात हलकेच खाटेवर ठेवला आणि ते बाहेर गेले. मी दारात होते. तानीनं माझ्याकडे पाहिलं. मी दार घट्ट धरलं.

तेवढ्यात खाटेच्या कडेवर त्याची बोटं हलू लागली. धुळा गाऊ लागला. कळप, लांडगा, डोंगर. नवा डोंगर त्यानं घातला नाही. "पल्याड दिसतुया वाडा, मधी पानी लागलं आडवं..." बोटं थांबली नाहीत. त्यानं पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.

"नगा, धनी, नगा गाऊ," तानी म्हणाली. त्याला ते ऐकू गेलं नाही. त्याचे ओठ उघडले.

मी दार सोडलं आणि त्याच्या कानाशी वाकले.

"धुळानाना," मी म्हणाले, "उरल्यालं उद्या."