बारा चटया, चाळीस ताटे

एका निरपराध माणसाला मी देशाबाहेर काढायला निघालो होतो. तो खोटे बोलत होता म्हणून नव्हे; तो खरे सांगत होता आणि मला ते ऐकायचे नव्हते म्हणून. माझ्या नोकरीतली इतर प्रकरणे मी मित्रांना रंगवून सांगितली आहेत. हे प्रकरण मात्र दरवेळी गाळले. आज ते लिहून काढतो आहे. त्यात कोणाचे नाव नाही. दोषी एकटा मीच आहे.

पोलीस खात्यात वीस वर्षे काढून, निरीक्षक असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बहरीनला गेलो. मआमीर गावाला लागून जो कारखान्यांचा पट्टा आहे, तिथल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी सुरक्षा अधिकारी होतो. खाते सुटले तरी सवय सुटली नव्हती. फाटकाजवळच्या केबिनमध्ये मी आवक-जावक रजिस्टर, ड्यूटीचा तक्ता आणि रोजची डायरी अगदी पोलीस ठाण्यासारखी ठेवली होती. पहारेकरी माझ्या केबिनला ‘थाना’ म्हणत. मला ते आवडत असे.

तिकडे आठवडा शनिवारी सुरू होई. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी पाइप शॉपचा फोरमन केबिनमध्ये आला आणि दार लोटून घेत म्हणाला, “साब, हमारा ड्रॉइंग दूसरी कंपनी के टेबल पे देखा. अपनी आँख से.”

दुसरी कंपनी म्हणजे त्याच पट्ट्यातली आमची प्रतिस्पर्धी. नकाशे एका मोठ्या गिऱ्हाइकाचे होते आणि ते बाहेर जाता कामा नयेत असा लेखी करार होता. मी डायरीत नोंद केली, पर्सोनेल मॅनेजरला कळवले आणि दुपारी सुटणाऱ्या शिफ्टची कसून झडती घ्यायला सांगितली.

त्या झडतीत एका ड्राफ्ट्समनच्या डब्याच्या पिशवीत एक फ्लॉपी सापडली.

हा माणूस अकोल्याकडचा. वय पस्तीसच्या आसपास. बायको आणि शाळकरी मुलगी यांच्यासह रिफ्याला राहायचा आणि कंपनीच्या बसने यायचा-जायचा. कामात चोख, बोलणे कमी. आम्ही दोघेही मराठी, पण आमचा कधी संबंध आला नव्हता. तो बौद्ध समाजाचा. मी ज्या मराठी मंडळात जात असे तिथे तो कधी दिसला नव्हता. त्याला कोणी बोलावले होते का, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही.

कंपनीची कॉम्प्युटर्स सांभाळणारा एक केरळी तरुण होता. त्याने फ्लॉपी लावली. तिच्यात एकच फाईल होती. पडद्यावर जे उमटले ते मी आयुष्यात पाहिले नव्हते. डोक्यावर दोन टिंबे असलेला ओ, पौंडाचे चिन्ह, उलटे प्रश्नचिन्ह, पुन्हा ओ, मग एक चौकोन. ओळीच्या ओळी तशाच. मधूनमधून स्वच्छ इंग्रजी आकडे: 12, 40, 6.

“सर, ये कोडिंग लगता है,” तो म्हणाला.

मी ड्राफ्ट्समनच्या टेबलाची झडती घेतली. की-बोर्ड उलटा केला तर खाली एक कागदाची पट्टी चिकटवलेली. तिच्यावर चार-चार आकड्यांच्या संख्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला शून्य. बाजूला एक अक्षर नाही. फाईल सांकेतिक भाषेत आणि ही तिची किल्ली, असे मी डायरीत लिहिले. पुढे हेही लिहिले की बारा हा नकाशाच्या पानाचा क्रमांक आहे, सहा हा पाइपचा व्यास आणि चाळीस त्याच्या जाडीचा दर्जा. तिन्ही आकडे त्या नकाशांत होते. पण शोधायलाच बसले तर कोणता आकडा कुठल्या नकाशात सापडणार नाही?

रविवारी सकाळी मी त्याला केबिनमध्ये बसवले. बसवले म्हणजे पहिला तासभर उभेच ठेवले. खात्यात शिकलेली युक्ती.

“फाईलमध्ये काय आहे?”

“मराठी आहे साहेब.”

“हे मराठी?”

“हो. फॉन्ट नाही ना या मशीनवर, म्हणून असं दिसते. फॉन्ट लावला की वाचता येते.”

“मग लाव फॉन्ट.”

“काढून टाकला साहेब. बाहेरचं काही मशीनवर ठेवायचं नाही, अशी नोटीस गेल्या आठवड्यात लागली, तेव्हा ही फाईल फ्लॉपीवर घेऊन काढला.”

“आणि पट्टीवरचे आकडे?”

“ती जोडाक्षरं आहेत. ऑल्टची कळ दाबून धरायची, उजवीकडच्या कळांवर चार आकडे मारायचे, कळ सोडली की चिन्ह उमटते. त्याला फॉन्ट लावला की ते जोडाक्षर होते. साधी अक्षरं कळांवर आहेत, पण ‘द्ध’ नाही, ‘ज्ञ’ नाही. ते असेच काढावे लागतात.”

“मग आकड्यांपुढे अक्षरं का नाहीत?”

“मला क्रम पाठ आहे साहेब.”

“लिहिलंय काय मराठीत?”

“घरचा कार्यक्रम आहे. त्याची यादी.”

“फॉन्ट कोणी दिला?”

मी तीनदा विचारले.

“त्यांचं नाव नाही घेणार साहेब,” तो म्हणाला. “त्यांनी आपल्या ऑफिसातून काढून दिला. माझ्यापायी त्यांची नोकरी जाईल.”

“म्हणजे असा माणूसच नाही.”

“आहे. तुम्ही काहून मानत नाही? तुम्ही तर मराठी माणूस. निदान तुम्ही तरी...”

“मला मराठी शिकवू नकोस. सगळा जन्म मराठीत पंचनामे लिहिलेत मी. मराठी कशी दिसते ते मला ठाऊक आहे.”

हे वाक्य मी मोठ्याने बोललो. दारातले दोन पहारेकरी हसले. तो खाली बघू लागला आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. हे गप्प बसणे मी अहवालात गुन्ह्याची कबुली म्हणून धरले.

पर्सोनेल मॅनेजर बहरीनी होता. माणूस वाईट नव्हता. आम्हा भारतीयांशी हिंदीत बोलायचा. त्याने अहवाल बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिले.

“तुम पुलिस आदमी. पक्का कोड है?”

“पक्का.”

“खलास. व्हिसा कैंसल, बुधवार का टिकट. फैमिली भी साथ.”

मुलीची शाळा सुरू होती. त्या काळी पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत; तिघांचेही काढून माझ्या टेबलावर आणून ठेवले गेले. मुलीच्या पासपोर्टवरचा फोटो दोन वेण्यांचा होता. मी ते पासपोर्ट खणात घातले.

सोमवारी त्याची बायको फाटकावर आली. टॅक्सीने आली असावी. रिफ्याहून तिकडे चालत कोणी येत नाही. पहारेकऱ्याने मला विचारले तेव्हा मी, “साहेब बाहेर गेलेत, असं सांग,” म्हटले आणि केबिनच्या मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये गेलो. ती ऊन डोक्यावर घेऊन अर्धा तास उभी होती, हे मला रजिस्टरमधल्या वेळेवरून नंतर कळले.

मंगळवारी संध्याकाळी मी राजधानीला, मनामाला गेलो. आमच्या मंडळाची एक स्मरणिका निघत होती. तिच्यात ‘पोलिसाची नजर’ असा माझा लेख होता आणि मुद्रिते तपासायची होती. स्मरणिकेचे काम एका बँकेत हिशेब पाहणारे पुण्याचे गृहस्थ करत. माझे चांगले स्नेही. त्यांच्या घरी एक खोली कॉम्प्युटरला दिलेली होती.

“या साहेब, तुमचंच चाललंय,” ते म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिले. डोक्यावर दोन टिंबे असलेला ओ. पौंडाचे चिन्ह. उलटे प्रश्नचिन्ह.

“हे काय आहे?”

“तुमचा लेख.”

“थट्टा करू नका.”

“अहो, थट्टा कसली? बँकेतल्या मशीनवर टाइप केला, आता या मशीनवर फॉन्ट चढवायचाय. नजर पोलिसाची, पण स्वतःचा लेख ओळखेना. थांबा.”

त्यांनी एक फ्लॉपी सरकवली, दोन-चार कळा दाबल्या, सगळा मजकूर काळा करून वरच्या चौकटीतले एक नाव निवडले. आणि पडद्यावर माझे पहिले वाक्य उभे राहिले. ‘गुन्हेगार डोळ्यांवरून ओळखता आला पाहिजे.’

मी खुर्चीवर बसलो. त्यांच्या कॉम्प्युटरच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली होती. चार-चार आकडे, सुरुवातीला शून्य. यांनी मात्र पुढे अक्षरे लिहिली होती: द्ध, ज्ञ, ह्य, ष्ट्य.

“ही यादी कोणी दिली?”

“तुमच्याच कंपनीतल्या ड्राफ्ट्समननं. हुशार माणूस. मी त्याला फॉन्ट दिला, त्यानं एकेक आकडा मारून बघून ही जोडाक्षरं शोधून काढली. नाहीतर आपली स्मरणिका पार लंगडी निघाली असती.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “फॉन्ट बँकेचा आहे हो. तेवढं कुठं बोलू नका.”

त्याने माझ्यापासून लपवलेले नाव हे होते. माझ्या स्नेह्याचे. तो तोंड उघडता तर मी दहा मिनिटांत मनामाला फोन लावला असता आणि प्रकरण तिथेच मिटले असते. मी कोणाच्या घरी जेवायला जातो हे त्याला माहीत नव्हते. त्याने फक्त शब्द पाळला होता.

मी सगळी हकीगत सांगितली. गृहस्थ पांढरे पडले, पण फ्लॉपी काढून माझ्या हातात देत म्हणाले, “माझं नाव सांगा खुशाल. विमान कधीचं आहे?”

बुधवारी सकाळी मी, तो केरळी तरुण आणि पर्सोनेल मॅनेजर असे तिघे कॉम्प्युटरपुढे बसलो. फॉन्ट चढवला. फाईल उघडली. मी ती एकेक ओळ हिंदीत सांगत गेलो.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम, शुक्रवारी सकाळी. चटया 12. ताटे 40. खिरीसाठी दूध 6 लिटर. मेणबत्त्या कोणी आणायच्या, रिफ्याच्या लोकांनी कोणाच्या गाडीतून यायचे, ज्यांची शिफ्ट आहे त्यांची खीर झाकून ठेवायची.

“छे लिटर दूध,” मॅनेजर म्हणाला. “ये पाइप का साइज़ था?”

“हाँ.”

“तुम बोला पक्का.”

“मैंने गलत बोला.”

त्याने माझा अहवाल मिटला. मग फोन उचलून तिकिटे रद्द करायला सांगितली आणि मला म्हणाला, “यल्ला, जाओ. पासपोर्ट लेके आओ.”

मी केबिनपर्यंत अक्षरशः पळत गेलो. इतके हलके मला आयुष्यात क्वचितच वाटले असेल. खण उघडून तिन्ही पासपोर्ट काढले. संध्याकाळचे विमान त्यांच्याशिवाय जाणार होते.

त्याच दिवशी मी गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला फोन करून विचारले की तुमचे नकाशे आणखी कोणाकडे आहेत का. तो सहज म्हणाला की दोन कंपन्यांकडून दर मागवले होते, नकाशे आम्हीच दोघांना दिले. चोरी झालीच नव्हती. शनिवारी विचारायचा प्रश्न मी बुधवारी विचारला होता.

केरळी तरुणाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच्या कॉम्प्युटरवर ती फाईल पहिल्या दिवशी उघडली तेव्हाही वरच्या चौकटीत त्या फॉन्टचे नाव दिसत असणार. आम्ही दोघेही खालच्या चिन्हांकडे पाहत राहिलो. वर कोणी पाहिले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले? आरोपी काय लपवतो याकडे पोलिसाचे लक्ष असते. तो कोणासाठी लपवतो हे आम्ही विचारत नाही. संशय एकदा बसला की पुरावा आपोआप गोळा होऊ लागतो, दुधाचासुद्धा पाइप होतो. आणि सगळ्यात लाजिरवाणे ते हे: हीच फाईल माझ्या पुण्याच्या स्नेह्याकडे सापडली असती आणि त्यांनी ‘मराठी आहे’ म्हटले असते, तर मी लगेच विश्वास ठेवला असता. त्याच्यावर ठेवला नाही. मराठी ही आमची, मंडळवाल्यांची, असे कुठेतरी मी धरून चाललो होतो. हे मी त्या वेळी कोणाजवळ कबूल केले नाही. अहवालात ‘गैरसमज’ असा शब्द घातला, त्याला कामावर घ्यावे अशी शिफारस केली आणि पासपोर्ट शिपायाच्या हाती त्याच्या घरी पाठवले. स्वतः गेलो नाही.

तो गुरुवारी कामावर आला. फाटकावर मला पाहून नेहमीप्रमाणे मान हलवली आणि आत गेला. त्याने ओरडायला हवे होते, असे मला वाटले. ओरडला असता तर मला बरे वाटले असते.

शुक्रवारी सकाळी मी रिफ्याला गेलो. पत्ता रजिस्टरमध्ये होता. दार त्याच्या बायकोने उघडले. पांढरी साडी. आतून वंदनेचा आवाज येत होता. तिने मला ओळखले; फाटकावर भेटलो नसलो तरी मी कोण हे तिला बरोबर कळले.

“आज काय तपासायचं राहिलं?” ती म्हणाली.

“काही नाही, वहिनी. त्यांना भेटायचंय.”

मागून दोन वेण्यांची मुलगी डोकावली. “अंकल, शूज आउटसाइड प्लीज,” तिने सांगितले. मी बूट काढले आणि वंदना संपेपर्यंत दाराजवळ उभा राहिलो. माझ्याकडे वळून पाहणाऱ्यांत आमच्या कारखान्यातले चारपाच जण होते. तो उठून माझ्यापाशी आला आणि मला बाजूच्या खोलीत चला म्हणाला. मी नको म्हटले. मी त्याचा अपमान लोकांदेखत केला होता.

“रविवारी तुम्ही मला खरं सांगितलंत,” मी म्हणालो. रविवारी मी त्याला अरे-तुरे करत होतो. “मी पहारेकऱ्यांसमोर तुम्हाला हसण्याचा विषय केला. तुमच्या बायकोला उन्हात उभं ठेवून मागच्या दारानं पळालो. दुसऱ्या कुणी हेच सांगितलं असतं तर मी मानलं असतं, तुमचं मानलं नाही. हा गैरसमज नव्हता. ही माझी चूक होती, आणि मी ती मुद्दाम पाहिली नाही. मी तुमची, वहिनींची आणि या मुलीची माफी मागतो.”