मधोमध लावलेलं इंजिन

पेट्रोल-ऑइलचा वास आला की मला आजही संताप येतो. कोयनेच्या जलाशयात आमच्या लहान शिडाच्या होडीला मागच्या फळीवर, सुकाणूजवळ, इंजिन बसवायचं होतं. सुकाणू मी धरायचे, म्हणून वडिलांना म्हटलं, "आबा, मधोमध नको. सुकाणू इंजिनाच्या पंख्यात अडकंल. बाजूला लावा."

काका हसले. "लय शानी झाली गं!"

आबांनी मधोमधच इंजिन लावून नारळ फोडला. "आता जागा हलवायची न्हाई."

पहिल्याच फेरीत सुकाणू पंख्यात अडकलं आणि त्याच्या दांड्याच्या हिसक्यानं माझं बोट मोडलं. "पोरीला धरता येत न्हाई," आबा म्हणाले.

ते बोट वाकडंच राहिलं. आज माझ्या होडीवर मेकॅनिक विचारतो, "ताई, मधी लावू?"

"बाजूला. आणि नारळ फेरी मारून आल्यावर."