व्हरांड्यातल्या गप्पा

बेंगळुरूत आमच्या गल्लीत अजून बसकी, कौलारू घरं आहेत. उंच जोतं, पुढे व्हरांडा आणि चढायला दगडी पायऱ्या. जयनगरच्या बाजूला एकेक जुनं घर पाडून काचेच्या इमारती उठायला लागल्या, तेव्हा आमची वस्ती जपायला महापालिकेच्या नियमांचा मसुदा निघाला. दर्शनी भाग, जोतं, पायऱ्या, कशालाही हात लावायचा नाही. आमचे हे सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. नियम म्हटला की यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

गल्ली मलाही अशीच हवी होती. पण माझे दोन्ही गुडघे गेलेले. समोरच्या अक्कांचीही तीच गत. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, मराठीत कन्नड कालवून बोलणाऱ्या. लग्न होऊन मी पुण्याहून आले तेव्हा त्यांनीच मला सांभाळून घेतलं. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले आणि मी आमच्या व्हरांड्यातून नुसते हात जोडले. मधे एवढासा रस्ता, पण जाऊन त्यांच्याजवळ बसता आलं नाही. ते मला फार लागलं होतं.

मसुद्यावर आमचं म्हणणं ऐकायला एक तरुण आर्किटेक्ट बाई आल्या. रस्त्यातच खुर्च्या मांडल्या. मी आपली वर व्हरांड्यात, समोर अक्का त्यांच्या. बाईंनी मसुद्यातलं कौतुकाने वाचलं, "इथल्या ज्येष्ठ स्त्रिया आजही समोरासमोरच्या व्हरांड्यांतून गप्पा मारतात. वस्तीचं हे वैशिष्ट्य जपायला हवं." आमच्या ह्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो, हौस नाही ती! खाली उतरता येत नाही म्हणून ओरडतो आम्ही."

"सरी, बरोबर सांगितलंस गं!" समोरून अक्का. "माझा गळा बसतो, आणि ह्या बाईंना ते वैशिष्ट्य!"

रस्त्यात हशा पिकला. हे मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन घराच्या बाजूच्या बोळात वाकून मोजत बसलेले दिसले. पायऱ्यांना धक्का न लावता बाजूने उतार काढता येतो, हे त्यांनीच पुढच्या बैठकीत पटवून दिलं. मसुद्यात तेवढी सूट मिळाली. नवरा इंजिनिअर असल्याचा इतक्या वर्षांत मला झालेला हा पहिला उपयोग!

दोन्ही घरांना उतार झाले. एका सकाळी वॉकर धरून मी रस्ता ओलांडला. हे मागून "सावकाश, सावकाश" करत होते. त्यांना घरी पिटाळलं आणि अक्कांच्या शेजारी बाकावर टेकले. सवयीने मोठ्यांदाच विचारलं, "कशा आहात अक्का?"

रोज समोरून हेच विचारायची मी, आणि "छान आहे गं" असं उत्तर यायचं. आज त्यांनी माझा हात मांडीवर ओढून घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

"एकटीला भेव वाटतं गं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

वर्षभर हे त्या सगळ्या गल्लीदेखत ओरडून कसं सांगणार होत्या?