दोन्ही घरचं तूप

१९६० च्या दशकाच्या आरंभी माझ्या वहिनींना पोटाचा कर्करोग झाला. आमचं घर अकोल्याचं, त्यांचं माहेर अचलपूरचं. मी अमरावतीला शिकत होतो, आणि डॉक्टर तिथलेच. म्हणून त्यांच्यापुढे वहिनींसोबत बसण्याचं काम माझ्याकडे आलं.

दुखण्याआधी त्यांचं वाळणंच डोळ्यांत भरलं. गालांची, दंडांची गोलाई गेली. बसायला खाली घडी केलेली गोधडी लागू लागली. बांगड्या हातातून गळत, म्हणून कासाराने लहान मुलींच्या मापाच्या भरल्या. सुनेचं रोडावणं हा आमच्याकडे आजार नव्हता, तो सासरचा दोष होता. त्यामुळे त्यांची आई तूप आणि डिंकाचे लाडू घेऊन अचलपूरहून आली, आणि माझ्या आईने त्याच दिवशी लोणी कढवायला घेतलं.

"माही पोरगी काडी झाली, इनबाई," वहिनींची आई म्हणाली. "तुमच्या इथं काय खाऊन राहिली?"

"तुमच्याहून चांगलंच खाते," आई म्हणाली. "तुमचे लाडू तं गोटे हायेत. दात पडतीन तिचे."

वहिनी दोघींचे घास गिळत आणि थोड्या वेळाने मोरीकडे जात. उलटीचा आवाज आला की दोघी एकमेकींच्या तुपाला नावं ठेवत.

शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी अंग भरण्याची इंजेक्शनं देऊन पाहिली. त्यामुळे पायांवर सूज आली. घरच्यांनी तिला बाळसं मानलं. डॉक्टर मात्र म्हणाले, "उपाशी माणूस जेवला की भरतो. हे तसलं वाळणं नव्हे. इथे रोगच शरीराला स्वतःची चरबी जाळायला लावतो. कसं, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. रुचेल तेवढंच द्या." औषध विचारलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती चरबी वितळणं थांबवता येईल का, याचा शोध चालू असल्याचं मी आज, पन्नास वर्षं उलटल्यावरही, वाचतो आहे.

परतताना एसटीत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरी तुमीच सांगा. मी सांगतलं तं म्हणतीन, नखरे करून राहिली. मले आता तोंड मिटून राहू द्या."

मी स्वयंपाकघरात दोघींना सांगितलं. पुस्तकी भाषेत, सलग, वहिनींच्या देखत. इलाज नाही, हेही सांगितलं. तेवढं त्यांनी मागितलं नव्हतं. ते वाक्य सत्यासाठी होतं की माझ्या शिक्षणाच्या तोऱ्यासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही.

वहिनींच्या आईने विचारलं, "मंग मी आता इथं कायले राहू?" त्यात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

"राहा ना बापा," माझी आई म्हणाली. "मी एकटी काय करू?"

"दोघीबी बसा," वहिनी म्हणाल्या. "फकत खाऊ घालू नका."

त्या बसू लागल्या. त्यांच्या आईने पाय चेपून पाहिले. हाडं दुखली, तेव्हा हात नुसते ठेवले. कधी वहिनी आपणहून आंबील मागत. माझी आई दोन चमचे देई. तिसरा कोणी पुढे करत नसे.